गोटमारीच्या पाहुण्यांस

आमच्या पांढुर्ण्याला वर्षातून एक दिवस न बोलावता पाहुणे येतात. पोळ्याच्या आदल्या संध्याकाळी बैलांचे खांदे हळद-तुपानं मळून त्यांना उद्याच्या जेवणाचं आवतण द्यायची आपल्याकडे रीत आहे. बैलांना आवतण असतं, गोटमारीला मात्र कुणालाच नसतं. श्रावणातल्या अमावास्येला पोळा फुटतो आणि दुसऱ्या दिवशी सकाळपासून नागपूर, वरुड, सौंसर, छिंदवाडा, बैतूल अशा चहूकडून माणसं येऊन जाम नदीच्या दोन्ही काठांवर, गच्च्यांवर, मिळेल तिथे उभी राहतात. जवळच्या नात्यातले, लांबच्या नात्यातले आणि नुसतेच ओळखीच्या ओळखीतले, सगळे घरी उतरतात. त्याचं आम्हाला काही वाटत नाही. डाळ थोडी जास्त शिजवायची, झालं.

पण लग्नाच्या पत्रिकेत खाली बारीक अक्षरांत ‘कृपया आहेर आणू नये’ असं छापलेलं असतं. गोटमारीची पत्रिकाच निघत नाही, त्यामुळे पाहुण्यानं कुठे उभं राहावं, काय बोलावं, काय बोलू नये, हे त्याला कुणी सांगत नाही. ते सांगायचा थोडा अधिकार मला आहे असं मी समजते. माझं माहेर सावरगावचं, सासर पांढुर्ण्याचं. मधे जाम नदी. त्या दिवशी एका काठावर माझे भाऊ-भाचे असतात आणि दुसऱ्या काठावर दीर-पुतणे.

ज्यांनी गोटमार पाहिली नाही त्यांच्यासाठी थोडक्यात सांगते. सावरगावचे लोक जंगलातून पळसाचं झाड आणतात. त्याची पूजा होते, त्याला झेंडा बांधतात आणि ते नदीच्या पात्रात मधोमध रोवतात. मग पांढुर्णेकरांनी झाड तोडून झेंडा न्यायचा, सावरगावकरांनी तो राखायचा आणि दोन्हीकडून दगडांचा मारा. ऊन चढत जातं तसा मारा वाढत जातो. झेंडा निघाला की खेळ संपतो. मग दोन्ही काठांची माणसं एक होतात, झेंडा चंडीमातेच्या देवळात जातो आणि पूजा होते.

यामागची गोष्ट लहानपणापासून ऐकत आले आहे. पांढुर्ण्याच्या मुलानं सावरगावची मुलगी पळवून आणली. नदी ओलांडताना सावरगावकरांनी त्यांना गाठून दगड मारले. पांढुर्णेकर मुलाच्या बचावाला धावले आणि त्यांनीही दगड मारले. दोघंही पात्रातच गेली. मग दोन्ही गावं शरमली, प्रेतं उचलून चंडीच्या पायाशी नेली. नागपूरकर भोसल्यांचे सैनिक इथे दगडफेकीचा सराव करत, अशीही एक गोष्ट सांगतात. इतिहासवाल्यांना ती आवडत असेल, पण आम्हा बायकांची गोष्ट पहिलीच. पळस म्हणजे ती मुलगी असं मानतात. तिचंही माहेर सावरगाव आणि सासर पांढुर्णा होणार होतं. ते व्हायच्या आतच दोन्हीकडचे दगड तिला लागले.

म्हणून पाहुण्यांना पहिली विनंती अशी, की या गावात कुठल्याही बाईला ‘तुम्ही कोणत्या बाजूच्या?’ असं विचारू नका. गंमत म्हणून तर मुळीच विचारू नका. इथे नदीपलीकडे सोयरीक नाही असं घर सापडायचं नाही. सकाळी एका काठाला भाकरी बांधून द्यायची आणि संध्याकाळी दुसऱ्या काठावर कुणाला किती लागलं याची चौकशी करायची, हे जिच्या वाट्याला आलं तिला बाजू कुठली असणार?

दुसरं म्हणजे, यायचंच असेल तर एक दिवस आधी, पोळ्याला या. तोरणाखाली उभे असलेले बैल पाहा, दारात त्यांना ओवाळतात ते पाहा, पुरणपोळी खा. संत्र्याच्या आणि कापसाच्या जिवावर उभं असलेलं हे गाव आहे. नुसत्या दगडांच्या दिवशी येऊन परत जाणारा पाहुणा, घरातलं भांडण तेवढं ऐकून माणसं न पाहता जाणाऱ्यासारखा आहे.

आता प्रत्यक्ष दिवसाचं. कुणाच्या गच्चीवर चढायचं तर आधी घरच्या बाईला विचारा. ती नाही म्हणणार नाही, उलट पाणीही देईल, पण विचारा. कठड्यावर लेकरांना बसवू नका. गावचा माणूस जिथे उभा राहतो तिथेच उभे राहा, आणि तो पळाला की का पळाला हे विचारत न बसता पळा. माझ्या सासऱ्यांच्या वयाचे एक आजोबा दरवर्षी नव्या पाहुण्यांना सांगत, “भाऊ, दगड पाहू नोको, हात पाह्य. दगड दिसेलोक उशीर होते.” एवढं जरी लक्षात ठेवलं तरी पुष्कळांचं डोकं शाबूत राहील.

जखमी माणसाला घेऊन येणारे दिसले की वाट सोडा. हे सांगावं लागू नये, पण सांगावं लागतं. दरवर्षी शेकडो लोक जखमी होतात. डॉक्टरांचे तंबू लागलेले असतात, रुग्णवाहिका उभ्या असतात. कुणी टाके घालून घेतो, कुणी चंडीमातेची भभूत जखमेला लावून पुन्हा पात्रात उतरतो. अशा वेळी मधे उभं राहून मोबाइल उंच धरणारे पाहुणे असतात. रक्तानं भरलेला तो चेहरा कुणाच्या तरी मुलाचा असतो, आणि त्याची आई अजून घरीच असते. तिला ती बातमी तुमच्या मोबाइलवरून कळू नये.

गावात अशीही घरं आहेत, जिथला माणूस सकाळी गोटमारीला गेला आणि परत आला नाही. गावासाठी हा सण असेल, त्यांच्यासाठी हा श्राद्धाचा दिवस आहे. ती घरं कुठली हे तुम्हाला बाहेरून कळणार नाही, म्हणून गल्लीतून जाताना आरडाओरडा न करता जा. एवढं पाहुण्याला जमण्यासारखं आहे.

आमचा जिल्हा दोन भाषांचा. १९५६ साली राज्यांची पुनर्रचना झाली तेव्हा नागपूर आणि वऱ्हाड मुंबई राज्यात गेलं, आम्ही मध्य प्रदेशात राहिलो. २०२३ साली छिंदवाड्यातून पांढुर्णा हा वेगळा जिल्हा झाला, पांढुर्णा आणि सौंसर हे दोन्ही तालुके त्यात आले, तरी घरात मराठी आणि कचेरीत हिंदी हा क्रम बदलला नाही. त्यामुळे आमच्या या दिवसाला नाव मराठी, पण फलक हिंदी: ‘गोटमार मेला’. हिंदीत मेला म्हणजे जत्रा. मराठीत मेला म्हणजे काय ते सांगायला नको. माझ्या सासूबाई बोट फिरवून अक्षरं लावत वाचायच्या. एकदा तो फलक वाचून त्या म्हणाल्या, “हा मेला कोनी मेल्याबिगर होतच नाही का वं?” आम्ही सगळे हसलो. त्या हसल्या नव्हत्या.

एका वर्षी नात्यातले एक पाहुणे उतरले होते. माणूस चांगला, बोलका. संध्याकाळी चहा घेताना म्हणाले, “वहिनी, यंदा काही मजा आली नाही.”

मी विचारलं, “म्हणजे?”

“म्हणजे, फार काही लागलं नाही कुणाला.”

“लागलं ना,” मी म्हटलं. “माझ्या भाच्याला पाच टाके पडले. बोलावू का त्याला?”

त्यांनी कप खाली ठेवला. मला त्यांना खजील करायचं नव्हतं. पण दिवसभर गच्चीवर उभं राहून माणूस कशाची वाट पाहत असतो, हे त्यांच्या तोंडून सहज निघून गेलं होतं. हेच पाहुणे परत गेल्यावर आपल्या गावात सांगतात, की पांढुर्ण्याचे लोक रानटी आहेत. टाळ्याही त्यांच्या आणि शेराही त्यांचाच. माझं म्हणणं एवढंच, की दोहोंपैकी एक काहीतरी करा. शेरा मारायचा तर टाळ्या वाजवू नका.

माझा एक पुतण्या अमेरिकेत असतो. तो तिथल्या एका जत्रेला गेला होता. तिला रेनेसाँस फेअर म्हणतात. १९६३ साली कॅलिफोर्नियात अशी जत्रा सुरू झाली आणि मग देशभर पसरली. चार-साडेचारशे वर्षांपूर्वीच्या इंग्लंडच्या राणीच्या काळातले कपडे घालून लोक जमतात, घोड्यावरून भाल्यांच्या झुंजी पाहतात, कारागिरांकडून वस्तू घेतात. पाहुणेही तसाच वेष करून, कमरेला तलवार लटकावून जाऊ शकतात. पण दारातच ती तलवार म्यानाला दोरीनं किंवा पट्टीनं बांधून टाकतात, म्हणजे दिवसभर ती उपसता येऊ नये. शिवाय कुणाच्या वेषाला न विचारता हात लावू नये, न विचारता फोटो काढू नये, असेही तिथले नेम. पुतण्या हे सांगून हसत होता, की काकू, खोट्या लढाईला केवढे हे कायदे! मला हसू आलं नाही. खोट्या लढाईतली तलवार बांधतात आणि आमच्या खऱ्या लढाईतले दगड मोकळे असतात.

आमच्याकडे काही बांधायचा प्रयत्न झालाच नाही असं नाही. जमावबंदीचे हुकूम निघतात, गोफणीला मनाई होते, ध्वनिक्षेपकावरून हिंदीतून विनवण्या चालतात. प्रशासनानं एकदा दगडांऐवजी रबरी चेंडू आणून ठेवले होते. लोकांनी ते मुलांना खेळायला नेले आणि दगड उचलले. उत्तराखंडात चंपावत जिल्ह्यात देवीधुरा नावाचं गाव आहे. तिथे राखीपौर्णिमेला बाराही देवीच्या अंगणात चार खाम, म्हणजे चार कुळांचे गट, एकमेकांवर दगड फेकत. त्याला बग्वाळ म्हणतात. २०१३ साली तिथल्या उच्च न्यायालयानं दगडांना बंदी केली, तेव्हापासून फळं आणि फुलं फेकतात. अधूनमधून दगडही पडतात म्हणे. पण सफरचंदाची टोपली घेऊन देवळात जाता येतं आणि देवीही रुसत नाही, हे तिथे दिसलं. फुलांसाठी पळसाच्या गावाला लांब जावं लागू नये. पळस पोळ्याला फुलत नाही हे मला ठाऊक आहे, पण झेंडू तर मिळेल!

पण हे होणार कसं? माझ्या दोन्ही घरांतल्या पुरुषांशी मी या विषयावर बोलले आहे. सावरगावचा भाऊ म्हणतो, “आमी थांबलो आन् ते नाही थांबले त?” पांढुर्ण्याचे दीर म्हणतात, “पयले त्यांनी थांबावं.” दोघांचंही खरं आहे. ज्याला बाजू आहे त्याला आधी थांबता येत नाही, कारण आधी थांबणं म्हणजे हरणं. त्या दिवशी सबंध नदीकाठावर न हरता थांबू शकेल असा एकच माणूस असतो, आणि तो म्हणजे पाहुणा. त्याला झेंडा राखायचा नसतो, न्यायचाही नसतो. त्याच्या घरची मुलगी नदीत उभी नसते. तो गप्प राहिला तर कुणी त्याला भित्रा म्हणत नाही.

आणि तो काही कमी महत्त्वाचा नाही. दगड उचलून वर पाहणारं पोर गच्चीकडे पाहतं, हे मी पुष्कळ वर्षं पाहत आले आहे. गच्चीवरून आरोळी आली की हात लांब जातो. आरोळी आली नाही तर तो घटकाभर घुटमळतो. एवढ्या घटकेत समोरच्याला बाजूला व्हायला वेळ मिळतो. शिवाय काही पाहुणे स्वतःच एखादा दगड भिरकावतात, गंमत म्हणून. त्या दगडाइतका वाईट दगड नाही. गावचा माणूस संध्याकाळी चंडीच्या देवळात ज्याला दगड मारला त्याच्या शेजारी हात जोडून उभा राहणार असतो, दुसऱ्या दिवशी बाजारात त्याच्याशी भावाची घासाघीस करणार असतो. त्याच्या दगडाला कुठेतरी घरी परतायची वाट असते. पाहुणा मात्र तोवर गाडीत बसून निघून गेलेला असतो.

तेव्हा पाहुणेहो, या. पण हात रिकामे ठेवा आणि तोंड बंद. झेंडा निघाल्यावर लगेच गाडी पकडायची घाई करू नका. चंडीमातेच्या देवळापर्यंत चला. सकाळपासून जे पाहिलं त्याचा अर्थ तिथे लागतो, आणि नेमके तिथेच पाहुणे कमी असतात. डोक्याला पट्टी बांधलेले दोन्ही काठांचे लोक एका रांगेत उभे असतात, आणि ही रांग दगडांशिवायही लागली असती असं कुणालाही वाटून जावं.

आणि तेही जमणार नसेल तर दिवाळीनंतर या. तेव्हा आंबिया बहाराची संत्री उतरत असतात, नदीचं पाणी निवळलेलं असतं आणि सावरगावहून पांढुर्ण्याला, पांढुर्ण्याहून सावरगावला भाऊबीजेची ये-जा चालू असते. त्या वेळच्या पाहुण्याला वागायचे कुठलेच नेम सांगावे लागत नाहीत. आवतण मी आत्ताच देऊन ठेवते.