काचेच्या पेटीतले शेत

गेल्या वर्षी धाकट्या मुलीच्या हट्टापायी घरात माशांची काचेची पेटी आली. मासे तिचे आणि पाण्यातल्या वनस्पती माझ्या, अशी वाटणी झाली. तीस वर्षे लोकांना शेती सांगणाऱ्याला चार रोपे जगवणे काय जड, असे मला वाटले.

पंधरा दिवसांत झुपकेदार पानांची कॅबोम्बा मलूल झाली. उजेड कमी पडतो म्हणून मी एकाचे दोन दिवे केले आणि ते बारा-बारा तास चालू ठेवले. रोपे वाढली नाहीत, काच मात्र हिरव्या शेवाळाने माखली. आमच्या सौ. म्हणाल्या, "अहो, हे पीक झकास आलंय!"

मग पुस्तके उघडली. वनस्पती उजेडाच्या बळावर पाणी आणि कार्बन डायऑक्साइड वायू यांपासून साखर तयार करते. शेतातल्या पिकाला हा वायू हवेतून मिळतो. पाण्यात मात्र तो हवेपेक्षा सुमारे १०,००० पट सावकाश पसरतो. म्हणजे मी चूल मोठी पेटवली, पण परातीत पीठच नव्हते! उरलेल्या उजेडावर शेवाळ पोसले.

मी एक दिवा काढला आणि दुसरा ८ तासांवर आणला. बाटलीत साखरेचे पाणी व चिमूटभर यीस्ट घालून, त्यातून निघणारा वायू नळीने पेटीत सोडला. महिन्याभरात नवी पाने फुटली. पण एका पहाटे मासे वर येऊन धापा टाकू लागले. रात्री वनस्पतीही प्राणवायू घेतात आणि माझी बाटली तर चालूच होती. आता रात्री नळी बाहेर काढतो आणि हवेचा पंप लावतो. शेततळ्यात मासे पाळणाऱ्यांनीही पहाटेची ही वेळ जपावी.

हे सारे करताना मला एका शेतकऱ्याचा चेहरा आठवत होता. त्याच हंगामात त्याच्या चुनखडीच्या रानात ऊस पिवळा पडला होता. मी बांधावरूनच सांगितले होते, "युरियाचं आणखी एक पोतं टाका." त्याने उधारीवर आणून टाकले, पण ऊस पिवळाच राहिला. मी पुन्हा गेलो आणि या वेळी सरीत उतरलो. पिवळेपणा कोवळ्या पानांवर होता, शिरा हिरव्या होत्या. नत्र कमी असते तर आधी जुनी पाने पिवळी पडली असती. हा केवडा होता, लोहाची उणीव. हिराकशीच्या फवारणीने ऊस हिरवा झाला.

मी चूक कबूल केली. तो शांतपणे म्हणाला, "साहेब, चूक तुमची, पण पोतं माझं."

यावर माझ्याजवळ उत्तर नव्हते. तेव्हापासून मी बांधावरून सल्ला देत नाही. मंडळी, तुम्हीही पीक अडले की खिशात हात घालण्याआधी एवढेच विचारा: ते नेमके कशावाचून अडले आहे? आणि साहेब बांधावरच उभे राहिले, तर त्यांना हाताला धरून सरीत न्या.