पाव मिलिमीटरचा घोळ

यावलला माझं लेथचं दुकान आहे. केळीच्या बागांना पाणी देणारे पंप हेच आमचं पोट. शाफ्ट, बुश, कपलिंग यांच्यापलीकडे हात फारसा गेला नव्हता. एकदा भुसावळहून रेल्वेतून निवृत्त झालेले एक काका आले आणि फडक्यातून गळाचं जुनं रीळ काढून टेबलावर ठेवलं. उमेदीच्या काळात एका अँग्लो-इंडियन ड्रायव्हरनं ते त्यांना दिलेलं. हतनूर धरणाच्या फुगवट्यात, चांगदेवला तापी-पूर्णेच्या संगमाकडे ते रविवारी गळ टाकून बसायचे.

"मोठा मासा लागला की दांडा नुसता फिरतो भो, दोरी काही येत नाही," म्हणाले.

आतलं ग्रीस वाळून डिंक झालं होतं. रात्रभर रॉकेलमध्ये ठेवलं. सकाळी एकेक भाग निघेल तसा ताटाच्या कडेनं ओळीत मांडत गेलो, म्हणजे जोडताना शेवटून उचलत यायचं. दुखणं लगेच दिसलं. पितळी पिनियनचे दाते झिजून सुईसारखे झाले होते. जोर आला की मोठ्या गिअरवरून घसरायचे.

एका दात्यावर ठिपका दिला आणि मोजले. मोठ्या गिअरला ३६, पिनियनला १२; दांड्याच्या एका फेऱ्यात रीळ तीनदा फिरणार. मोठ्या गिअरचा बाहेरचा व्यास व्हर्नियरवर ३०.१५ मिलिमीटर. सरळ दात्यांच्या गिअरचा आमचा हिशोब सोपा: दात्यांत दोन मिळवायचे आणि व्यासाला त्यानं भागायचं, मॉड्यूल मिळतं. ३०.१५ भागिले ३८, उत्तर ०.७९३. म्हटलं, थोडं झिजलंय, मुळात ०.८ मॉड्यूल असणार. जळगावहून तसा पिनियन कापून आणला.

बसवला तर घट्ट. एका जागी अडायचा. जोर लावून फिरवला, तर नव्या पितळेचा कीस खाली पडला.

रात्री अंथरुणात डोक्यात आलं: रीळ विलायती, तेही जुनं, त्याला मिलिमीटर कुठून माहीत असणार? इंचाच्या गिअरचं माप डीपीत असतं. दात्यांत दोन मिळवून इंचातल्या व्यासानं भागायचं. ३८ भागिले १.१८७, आले बरोबर ३२. आणि ३२ डीपी म्हणजे ०.७९४ मॉड्यूल. गिअरचा व्यास झिजलेला नव्हता, मीच आकडा गोल केला होता. ३६ दात्यांच्या गिअरच्या व्यासात या दोन मापांचा फरक जेमतेम पाव मिलिमीटर. पण दोन गिअरमधलं अंतर रिळाच्या फ्रेमनं पक्कं केलेलं असतं. तिथे सरकायला जागा नाही.

३२ डीपीचे दोन पिनियन कापून आणले, एक जादा. रिकामं रीळ लोण्यासारखं फिरलं. दोरीला पाच किलोचं वजन बांधलं आणि पुन्हा कुरकुर. भिंग लावलं तेव्हा मोठ्या गिअरच्या प्रत्येक दात्याची एकच बाजू खाल्लेली दिसली. मासा ओढतो तो नेहमी एकाच दिशेनं. दुसऱ्या कामात असा गिअर आम्ही उलटा करून बसवतो, कोरी बाजू कामाला येते. इथे ते जमेना, कारण गिअरच्या एका अंगाला ड्रॅगच्या, म्हणजे रिळाच्या ब्रेकच्या, चकत्यांची वाटी आहे. शेवटी मोठा गिअरही नवा करायचं ठरलं, गनमेटलचा.

करायचाच आहे तर काकांना विचारलं, "३७ आणि ११ करू का? बेरीज ४८च राहते, फ्रेममध्ये बसेल, दोरी जरा भराभर येईल. फक्त हाताला जड जाईल."

"नको भाऊ," काका म्हणाले. "मला मासा ओढायचाय, पळवायचा नाही."

३६-१२ची जोडी बसली. या वेळी वजन निमूट वर आलं.

जादा पिनियन आणि तो ०.८चा, दोन्ही काडेपेटीत ठेवलेत. दुकानात नवा पोरगा आला की त्याच्या तळहातावर ठेवतो आणि म्हणतो, ओळख. तो दाते मोजतो, बारा आणि बारा. "एकच आहेत भाऊ," म्हणतो. मग मी व्हर्नियर पुढे करतो. एक ११.११, दुसरा ११.२०.