परतीचं वजन

गेल्या ऑक्टोबरात एका रविवारी सकाळी धाकट्या भावाचा व्हिडिओ कॉल आला. इथे साडेनऊ वाजले होते, म्हणजे त्याच्याकडे डेन्व्हरमध्ये शनिवारच्या रात्रीचे दहा. सलाम-दुआ झाली आणि त्याने फोन जमिनीकडे वळवला. "आपा, बघ."

दिवाणखान्याच्या फरशीवर त्याने जुनी चादर अंथरली होती आणि तिच्यावर सगळं सामान ओळीने मांडलं होतं. अम्मी हजला निघाली तेव्हा आम्ही तिची बॅग अशीच चादरीवर मांडून भरली होती. फरक एवढाच, की या चादरीच्या कडेला एक रायफल होती.

भाऊ शिकारीला निघाला होता. पाच दिवस, कोलोरॅडोच्या डोंगरात, दहा हजार फुटांच्या आसपास. गाडीरस्ता संपतो तिथून पुढे पायी जायचं, खाणं, झोपणं, सगळं पाठीवर. शिकार एल्कची. एल्क म्हणजे आपल्या सांबराच्या कुळातलाच, पण अंगाने थोराड प्राणी. नर तीनशे किलोच्या वरही भरतो, मादी सव्वादोनशेच्या आसपास. त्याच्याकडे परवाना मादीचा होता. कोणत्या भागात, कोणत्या तारखांना, नर की मादी, हे सगळं त्या परवान्यावर लिहिलेलं असतं. त्याआधी शिकारीचा अभ्यासक्रम करून कार्ड मिळवावं लागतं.

आपल्याकडे 1972 च्या वन्यजीव संरक्षण कायद्यानंतर शिकार हा गुन्हा आहे आणि तसाच तो असावा, असं माझं स्पष्ट मत आहे. आपली रानं आणि रानातली जनावरं किती उरली आहेत, ते दिसतंच. तिकडे जनावरांची गणती करून परवान्यांची संख्या ठरते आणि परवान्याचा पैसा रानाच्या कामी येतो. तरीही भाऊ शिकार करतो हे मला पहिल्यांदा कळलं तेव्हा बरं वाटलं नव्हतं. माणूस डॉलर कमावतो, दुकानात हलाल मांस मिळतं, मग कशाला?

तो म्हणाला होता, "आजोबा करायचे ना!"

आजोबा करायचे, हे खरं. आमचं गाव मंडणगड तालुक्यात. त्यांची ठासणीची बंदूक मी लहानपणी भिंतीवर पाहिली आहे. निवडणूक आली की ती पोलीस ठाण्यात जमा व्हायची, नंतर परत यायची. मी पाहिली तेव्हा ती नुसतीच टांगलेली होती, पण गोष्टी जिवंत होत्या. कायदा यायच्या आधी गावचं रान निघायचं तेव्हा हाका घालायला सगळ्या वाड्यांतली माणसं असायची, कुणबी, मराठे, आमच्या मोहल्ल्यातले. आजोबांच्या खांद्याला एक गोणपाटाची पिशवी असे. तिच्यात दारूचं शिंग, छर्रे, काडेपेटी, फडक्यात बांधलेल्या तांदळाच्या भाकऱ्या, भाजलेली सुकट आणि सुरी. बंदूक कोणाचीही असो, भेकर पडलं की सुरी घेऊन आजोबा धावत. जीव असेपर्यंत पोहोचून जबह केलं तरच ते आमच्या घरी शिजणार. बाकीच्यांचं त्यावाचून अडत नव्हतं, पण वाट्यातून एक घर गळू नये म्हणून सगळे थांबत.

आता त्या चादरीकडे येते.

सगळ्यात मोठी वस्तू म्हणजे पाठीवरची सॅक. साधी नाही, आत पक्की चौकट असलेली. कमरेचा पट्टा हाताएवढा जाड, कारण वजन खांद्यावर नव्हे, कमरेवर पेलायचं असतं. चौकट आणि पिशवी एकमेकींपासून सुटतात आणि मधल्या फटीत मांस बांधता येतं. सॅकच अडीच किलोची. एका माणसाचा तंबू सव्वा किलो. उणे दहा अंशांपर्यंत ऊब देणारी झोपायची पिशवी, तिच्याखाली घालायची हवेची गादी. मी म्हटलं, गादीचे लाड कशाला? तर म्हणाला, थंडी वरून कमी, जमिनीतून जास्त येते.

कपड्यांत सुती एकही नाही. सुती कापड घामाने भिजलं की वाळत नाही आणि डोंगरात ओल्या अंगाला वारा लागला तर माणूस गारठून मरू शकतो. म्हणून आत लोकरीचे पातळ कपडे, वर पिसांचं जाकीट, त्यावर पावसाचं. मोजे तीन जोड. आणि भडक नारिंगी रंगाचं जाकीट, तशीच टोपी. रायफलीच्या मोसमात कमरेच्या वर निदान पाचशे चौरस इंच असा भडक रंग आणि डोक्यावर तशीच टोपी असलीच पाहिजे, असा तिथला नियम आहे. दुसऱ्या शिकाऱ्याने आपल्याला जनावर समजू नये म्हणून. हरणांना तो रंग आपल्याइतका भडक दिसत नाही.

खाणं दिवसाचं एक अशा पाच पिशव्यांत भरलेलं, प्रत्येक साधारण साडेसातशे ग्रॅम. ओट, बदाम, खजूर, चीज, गरम पाणी ओतलं की तयार होणारा भात. एका पिशवीत मला ओळखीचं काही दिसलं. मी इथून पाठवलेली जवळ्याची चटणी! "हिच्या वासाने एल्क पळेल," मी म्हटलं. "एल्क नाही पळणार, अस्वल येईल," तो म्हणाला. म्हणून रात्री खाण्याची पिशवी तंबूपासून लांब झाडाला टांगायची.

पाणी गाळायचं यंत्र मुठीएवढं. ते रात्री झोपायच्या पिशवीत जवळ घेऊन झोपायचं, कारण आतलं पाणी गोठलं तर गाळणी निकामी होते आणि बाहेरून तसं दिसतही नाही. दुर्बीण. डोक्याला लावायची बॅटरी, तिच्यासाठी जादा सेल. फोनमध्ये उतरवलेला नकाशा आणि शिवाय कागदी नकाशा व होकायंत्र. औषधांच्या डब्यात रक्त थांबवायचा पट्टा, कारण एकटा माणूस, अंधार आणि धारदार सुरी एकत्र आले की धोका जनावरापेक्षा सुरीचाच जास्त.

सगळं मिळून, दोन लिटर पाणी आणि रायफल धरून, 19 किलो.

मग त्याने कोपऱ्यातली एक लहान थैली उघडली. तिच्यात जाळीदार पांढऱ्या कापडाच्या पाच पिशव्या होत्या. मांसासाठी. चार मांड्या-खांद्यांच्या चार आणि उरलेल्या मांसासाठी एक. कापड असं, की हवा आत जाते, माशी जात नाही. सोबत दोरी, रबरी हातमोजे, सुरी आणि तिची धार काढायचा दगड. एवढं सगळं जेमतेम सहाशे ग्रॅम. "आपा," तो म्हणाला, "गेल्या वेळी मी या थैलीचा विचार सगळ्यात शेवटी केला होता."

त्या गेल्या वेळेबद्दल फक्त मला माहीत आहे. त्याच्या परवानगीनेच लिहिते आहे.

दोन वर्षांपूर्वी ती त्याची पहिलीच शिकार होती. दुपारची वेळ, ऑक्टोबर असूनही ऊन कडक. बिस्मिल्लाह म्हणून चाप ओढला, मादी पडली, तो धावत पोहोचला, जबह झालं. इथपर्यंत सगळं व्यवस्थित. पण गाडी सात किलोमीटरवर आणि जनावर एका खोल घळीत. हाडं काढली तरी सत्तर किलोच्या आसपास मांस उरतं. एका फेरीत पंचवीस किलो धरले तरी तीन फेऱ्या, म्हणजे जाऊन-येऊन चाळीस किलोमीटरच्या वर चालणं, निम्मं चढाचं. पिशव्या दोनच होत्या. कातडी लवकर उतरवून मांस सावलीत, वाऱ्याला टांगायचं असतं, कारण मोठ्या जनावराच्या अंगातली उष्णता हाडाजवळ कोंडून राहते आणि मांस आतून नासतं. त्याने एक मागची मांडी तशीच जमिनीवर ठेवली. दुसऱ्या दिवशी दुपारी तो तिच्यासाठी परत पोहोचला तेव्हा तिला वास येत होता.

त्या रात्री त्याचा फोन आला. चाळिशीला टेकलेला माणूस लहान मुलासारखा रडत होता. "आपा, मी तिला मारलं आणि टाकून दिलं." खाण्याजोगं मांस वाया घालवणं तिथल्या कायद्यातही गुन्हा आहे, पण तो कायद्याला घाबरला नव्हता. आमच्या घरात ताटात भाताचं शीत उरलं तरी अम्मी उठू देत नसे. जनावर कापायचं तर आधी सुरीला धार लाव, त्याला त्रास कमी होऊ दे, ही शिकवण आम्हाला आहे. जीव अमानत आहे. खाण्यासाठी घेण्याची इजाजत आहे, फेकण्यासाठी नाही. मी त्याला काय सांगणार होते? गप्प ऐकत राहिले.

आजोबा म्हणायचे, उचलवेल तेवढंच मारावं. लहानपणी मला ते हव्यासाबद्दलचं बोलणं वाटायचं. त्या रात्री कळलं की ते अगदी शब्दशः होतं. त्यांच्याकडे हाका घालायला चाळीस माणसं होती, उचलायलाही तीच. पानांवर वाटे पडायचे आणि दिवेलागणीपर्यंत प्रत्येक घरी चूल पेटायची. माझा भाऊ एकटा होता.

चादरीवरची शेवटची वस्तू एक कागद होता. परवान्याचा टॅग. जनावर पडलं की त्यावर सही-तारीख घालून तो मांसाला लावायचा आणि घरी पोहोचेपर्यंत सोबत ठेवायचा. नर की मादी हे ओळखू येईल असा अवयवही मांसाला लागलेलाच ठेवायचा. वाटेत वनखात्याचा माणूस थांबवतो, टॅग बघतो, मुबारकबाद देतो आणि सोडतो. भाऊ हे अगदी सहज सांगत होता.

मी मात्र त्या कागदाकडे बघत राहिले. दर बकरी ईदला मी मावशीकडे बकऱ्याचं मटण घेऊन एसटीने जाते. 2015 मध्ये गोवंश हत्याबंदीचा नवा कायदा आला, त्यानंतर माझे शोहर डब्याच्या पिशवीत बकरा विकत घेतल्याची पावती ठेवायला लागले. कोणी विचारलं तर दाखवायला. आजवर कोणी विचारलेलं नाही. एकदा शेजारच्या बाईंनी डब्यात काय आहे विचारलं, मी "जेवण" म्हटलं आणि दापोली येईपर्यंत डबा मांडीवर धरून बसले. भावाच्या गाडीत रायफल आणि रानातल्या जनावराचं मांस असतं, त्याला मुबारकबाद मिळते. माझ्या डब्यात दोन किलो मटण असतं. हे मी त्याला सांगितलं नाही. त्याची बॅग भरायची होती.

"कागद कुठे ठेवतोस?" एवढंच विचारलं.

"आतल्या खिशात. प्लास्टिकमध्ये."

"भिजू देऊ नकोस."

यंदा त्याने एक उपग्रहावरून संदेश पाठवायचं यंत्रही घेतलं होतं. रोज रात्री आठला तो दोन शब्द पाठवणार होता, म्हणजे माझ्याकडे सकाळी साडेसात. शाळेला निघायच्या आधी. संदेश आला नाही तर कोणाला कळवायचं, तो नंबर मी फ्रीजवर चिकटवला. या वेळी त्याचा एक मित्रही तयार होता. तो डोंगरात येणार नव्हता, पण शिकार झाली तर निरोप मिळताच रिकामी सॅक घेऊन मांस उचलायला येणार होता.

पहिले दोन दिवस "ठीक आहे" आलं. तिसऱ्या सकाळी रोमन लिपीत मराठी आलं: आज दिसली. मारली नाही. उद्या सांगतो.

पाचव्या दिवशी परतल्यावर त्याने सांगितलं. संध्याकाळी कळप दिसला, मादी टप्प्यात होती, पण मध्ये घळ होती, तशीच. सूर्य मावळतीला. गोळी लागली असती. मग तिच्यापर्यंत पोहोचायचं अंधारात, एकट्याने, आणि जीव असेपर्यंत पोहोचू याचा भरवसा नाही. दुसऱ्या दिवशीचं हवामान गरम होतं. त्याने मनात फेऱ्या मोजल्या, मित्राच्या धरून मोजल्या आणि रायफल खाली ठेवली. पुढच्या दोन दिवसांत काही दिसलं नाही.

मी म्हटलं, "वाईट वाटलं?"

"पाच दिवसांची रजा गेली, आपा. वाटणारच." मग थोडं थांबून म्हणाला, "पण झोप लागली."

मागे त्याची बायको सॅक रिकामी करत होती. पांढऱ्या पिशव्या घडी न मोडता तशाच होत्या. तिने त्या कपाटात ठेवायला उचलल्या तशी तो म्हणाला, "वरच ठेव, पुढच्या वर्षी आधी त्याच भरायच्यात." चटणी संपली होती. मी पुढच्या पार्सलमध्ये पाठवते म्हटलं.