बंदोबस्त

गेल्या फेब्रुवारीत, पिट्सबर्गच्या स्क्विरल हिल भागातल्या मुलीच्या घरी, बाहेर वीतभर बर्फ साचलेले आणि आत तळघरातल्या भट्टीचा मंद घुमारा चाललेला असताना, माझा पंधरा वर्षांचा नातू संगणकापुढे बसला होता आणि मी त्याच्यामागच्या आरामखुर्चीत, पुस्तक मांडीवर उपडे ठेवून, वाचनाच्या निमित्ताने डुलक्या काढीत होतो. त्याच्या कळफलकाची टकटक थांबली, म्हणून मला जाग आली. माणूस आवाजाने जागा होतो असे म्हणतात. माझ्या वयाला तो आवाज बंद पडल्यानेच अधिक जागा होतो. पाहतो तो पडद्यावर घनघोर रणकंदन माजलेले, बाणांचा पाऊस पडतो आहे, कोणी एक चेटकीण तोंडातून जाळ ओकते आहे, आणि चिरंजीव दोन्ही हात डोक्यामागे गुंफून, खुर्ची मागच्या दोन पायांवर तोलून, स्वस्थ.

“अरे, लढाई चालली आहे ना? मग तू असा हात बांधून काय बसलास?”

“आजोबा, माझं काम झालं. आता ते आपलेआपण लढतात.”

पडद्यावरच्या लढाया मी अनेक पाहिल्या आहेत, आणि त्यांत मुलांच्या बोटांची जी तारांबळ उडते ती मला नेहमी ऐन पावसात न उघडणाऱ्या छत्रीशी झुंजणाऱ्या माणसाची आठवण करून देते. परंतु लढाई ऐन रंगात आलेली असताना सेनापतीने हात काढून घ्यावे, नव्हे, घ्यावेच लागावे, असा खेळ माझ्या पाहण्यात नव्हता. आणि ‘माझं काम झालं’ हे वाक्य तर मी कोठेतरी, कोणाच्या तरी तोंडून, अगदी ह्याच सुरात ऐकलेले होते.

त्याचे काम कोणते, ते त्याने मला सविस्तर समजावून दिले. प्रत्येक लढाईआधी थोड्या मोहरा मिळतात, त्या मोहरांतून बाजारात उभी असलेली शिबंदी पदरी ठेवायची, कोणी ढालकरी, कोणी तिरंदाज, कोणी नुसता हाडांचा सापळा, एकाच जातीचे तिघे जमले की ते एकमेकांत विरघळून त्यांतून एक बळकट असामी निघतो (बढतीची ही तऱ्हा शिवकालीन पायदळात नव्हती, तेथे एका नाईकाचा हवालदार व्हावा म्हणून आणखी दोन नाईक नाहीसे होत नसत), मग कोणी आघाडीस राहायचे, कोणी पिछाडीस, कोणाच्या शेजारी कोण उभा राहिला असता कोणाच्या मनगटात जोर येतो, ह्याचा विचार करून सर्वांना चौकटीच्या घरांत मांडायचे आणि एक कळ दाबायची. तेवढी दाबली की मग पुढे हुकूम नाही, इशारा नाही, साधी हाकसुद्धा नाही. सैन्य कापले गेले तर मागल्या मुक्कामावरून पुन्हा निघण्याची सवलतही नाही. डाव संपला, तो समूळ संपला, आणि नवा डाव नव्या बाजारात, नव्या वाटांनी, पहिल्या पायरीपासून. खेळाचे नाव त्याने मला दोनदा सांगितले. ह्या सगळ्या खेळांच्या नावांत राख, ज्योत किंवा खड्ग ह्यांपैकी काहीतरी असतेच, त्यामुळे ते माझ्या लक्षात राहिले नाही, आणि राहिले नाही ह्याचे मला दुःखही नाही.

कुळाचा शोध घेण्याची खोड मात्र जात नाही. हात काढून घेण्याची ही चाल २०१९च्या जानेवारीत द्रोदो नावाच्या एका लहानशा चिनी मंडळीने ‘ऑटो चेस’ म्हणून रूढ केली, आणि वर्ष संपण्यापूर्वी लॉस एंजेलिसच्या रायट व अर्व्हाइनच्या ब्लिझार्ड ह्या मातब्बर पेढ्यांनी तिच्या आपापल्या आवृत्त्या बाजारात आणल्या, एवढा इतिहास नातवाला तोंडपाठ आहे. मेल्यावर सर्वस्व जाण्याची दुसरी चाल मात्र त्याच्या आईच्या बालपणाहूनही जुनी. १९८०च्या सुमारास कॅलिफोर्नियातल्या सांता क्रूझ येथील विद्यापीठात मायकेल टॉय आणि ग्लेन विचमन ह्या दोन विद्यार्थ्यांनी ‘रोग’ नावाचा खेळ रचला. पुढे बर्कलीच्या केन अर्नोल्डचा हात त्याला लागला आणि बर्कलीच्याच युनिक्स प्रणालीबरोबर तो देशभरच्या विद्यापीठांत पोहोचला. त्यात चित्र नावाला नव्हते. ईमेलच्या पत्त्यात मधोमध बसते ते वेटोळे म्हणजे नायक; रोमन लिपीची २६ मोठी अक्षरे म्हणजे २६ प्रकारचे राक्षस; आणि खाली भुयाराच्या २६व्या मजल्यावर एक ताईत, जो उचलून पुन्हा सूर्यप्रकाशात यायचे.

नातवाने तो खेळ मला दाखवला, आणि खरे सांगायचे तर आग ओकणाऱ्या चेटकिणीपेक्षा मला ते बी नावाचे वटवाघूळच अधिक भयंकर वाटले, कारण त्याला दात मी माझ्या पदरचे दिले होते. त्यातली औषधे तर मला फारच आवडली. निळ्या बाटलीने काल जखम भरली म्हणून आज विश्वासाने निळीच प्यावी, तर आज तीच आंधळे करते. प्रत्येक डावात रंग आणि गुण ह्यांची सांगड नव्याने बसते, आणि बहुधा प्याल्याखेरीज कळत नाही. शेवटी मरण आले की पडद्यावर अक्षरांनीच रेखलेली एक थडग्याची शिळा उभी राहते. तिच्यावर तुमचे नाव, गाठीचे सोने, कोणी मारले ते, आणि सन. वटवाघळाने मारले तर वटवाघळाने असे स्वच्छ लिहितात. वीरगळांवर इतका प्रामाणिकपणा मी पाहिलेला नाही.

आणि आता ज्या गोष्टीने मला त्या रात्री झोप येऊ दिली नाही ती. ह्या घरातून निघून, बर्फ नसेल तर, पायी अर्ध्या तासात कार्नेगी मेलन विद्यापीठ येते. तेथल्या संगणकशास्त्राच्या चार विद्यार्थ्यांनी, मॉल्डिन, जेकबसन, ॲपल आणि हेमी ह्यांनी, १९८०नंतरच्या दोन-तीन वर्षांत, हा ‘रोग’ स्वतःच खेळणारी एक आज्ञावली लिहिली. ती पडद्यावरची अक्षरे वाचायची, विचार करायची, आणि कळा दाबण्याचे कामही तीच करायची, नाव ‘रॉग-ओ-मॅटिक’. त्यांनी तिच्यावर शोधनिबंध लिहिला त्यात तिला ‘भांडखोर तज्ज्ञप्रणाली’ म्हटले आहे, आणि विद्वानांच्या लिखाणात इतके गोड विशेषण मला क्वचित भेटले आहे. तीन आठवडे चाललेल्या सामन्यात तिच्या गुणांचा मध्यक तेथल्या १५ निष्णात खेळाडूंपैकी प्रत्येकाहून सरस ठरला. ह्या चौघांतल्या मॉल्डिनने पुढे १९९४मध्ये ‘लायकॉस’ हे शोधयंत्र निर्माण केले. शोधण्याची विद्या त्याने भुयारातच पैदा केली असावी. परंतु माझ्या डोळ्यांपुढे येतात ते हे चार तरुण, आपण पढवलेल्या भांडखोराला भुयारात सोडून, हात मागे बांधून, पडद्यापुढे उभे असलेले. आता तिने डावीकडे वळू नये, असे त्यांना वाटत असेल. आणि ती डावीकडे वळत असेल.

माझे वडील पाटणच्या मामलेदार कचेरीत अव्वल कारकून होते. कोयना आणि केरा ह्या दोन नद्यांच्या संगमावरचे ते गाव. येथे पिट्सबर्गला अलेगेनी आणि मोनोंगहेला एकत्र येऊन ओहायो होते ते ठिकाण मुलीने मला मोठ्या अभिमानाने दाखवले, तेव्हा मी ‘आमच्याकडेही आहे’ असे म्हणालो, आणि ती हसली. वडिलांच्या बोलण्यात सर्वांत जड शब्द ‘बंदोबस्त’ हा होता. साहेबांचा दौरा असो, जमाबंदी असो, घरातले लग्न असो, ते चार दिवस आधी याद्या करीत, माणसे नेमीत, कंदील मोजीत, आणि प्रत्यक्ष दिवस उजाडला की काळ्या कोटाच्या खिशांत हात घालून एका कडेला उभे राहत. कोणी विचारले तर म्हणत, “माझं काम झालं.”

१९५५च्या दिवाळीत, मी नऊ वर्षांचा असताना, आम्ही आळीतल्या पोरांनी अंगणात दातेगड केला. गावाजवळचाच किल्ला, त्यामुळे कोणाची फसवणूक करणे शक्य नव्हते. विटांचे तुकडे, त्यांवर भिजवलेले गोणपाट, त्यावर चाळलेल्या तांबड्या मातीचा लेप. उतारावर अळीव पेरलेले, ते चौथ्या दिवशी हिरवेगार वर आलेले. आणि कुंभाराकडून आणलेली चित्रे, ज्यांत वाघ हा दरवाज्याहून मोठा, गवळण तोफेहून मोठी, आणि महाराज मात्र सिंहासनासकट सर्वांहून लहान, कारण पैसे तेवढेच उरले होते. कचेरीतून परत आलेल्या वडिलांना आम्ही तो पाहायला बोलावले. कौतुकाचा एखादा शब्द मिळेल ही अपेक्षा. त्यांनी जोडे काढून, धोतराचा सोगा सावरून, किल्ल्यापुढे उकिडवे बसून, तपासणी सुरू केली. पाणी कोठे आहे? आज्ञापत्र लिहिणाऱ्या रामचंद्रपंत अमात्यांनीही गड बांधताना आधी पाणी पाहावे असेच बजावले आहे, हे मला पुष्कळ पुढे कळले. तेव्हा आम्ही घाईघाईने दातेगडावरच्या त्या तलवारीच्या आकाराच्या विहिरीची खोदाई केली आणि तळाला डब्याचा पत्रा बसवला. दाणागोटा कोठे? सबनीस कोण? आणि दरवाज्यावरचे हे दोन पहारेकरी: ह्यांची तोंडे आत का? “गनीम काय घरातून येणार आहे?” आम्ही हसलो, आणि दोघांची तोंडे बाहेर फिरवली. नंतर त्यांनी दौतटाक मागवून किल्ल्याच्या शिबंदीची यादी केली. ढालकरी किती, तोफा किती, वाघ नग एक.

त्यानंतर करण्यासारखे काही उरले नाही. मांडलेल्या किल्ल्यापुढे बसलेल्या मुलांची ती अवस्था कोणी नीट वर्णन केलेली मला आढळत नाही: सर्व काही जागच्या जागी आहे, सर्वांच्या हातांत शस्त्रे आहेत, आणि आता लढाई त्यांनी करायची आहे. आम्ही तासन् तास बसत असू. डोळे मिटून पटकन उघडले तर एखादा मावळा हलताना सापडेल, असा माझा एक सिद्धांत होता.

भाऊबीजेच्या रात्री लढाई झाली. सकाळी पाहतो तो पश्चिमेचा बुरूज जमीनदोस्त, अळीव मुळापासून फस्त, आणि मातीत खुरांचे ठसे. आम्ही रडू लागलो. वडील बाहेर आले, दोन मिनिटे उभे राहिले, आणि रीतसर पंचनामा लिहायला बसले. ‘मौजे पाटण येथील किल्ले दातेगड रात्रौ अज्ञात शेळीने चाल करून’ अशी सुरुवात होती. मावळे ११ पैकी मान मोडलेले ४. तोफा २, शाबूत. गवळण बेपत्ता. वाघ सुखरूप, परंतु त्याने प्रतिकार केल्याचे दिसून आले नाही. सिंहासन कलते झाले असून महाराज सुखरूप. अंदाजे नुकसान एक रुपया सहा आणे. पाच पंचांच्या सह्या झाल्या. पाचवी माझी धाकटी बहीण, तिला लिहिता येत नव्हते म्हणून तिच्या अंगठ्याला शाई लावली, आणि तो अंगठा तिने आठ दिवस धुवू दिला नाही. रडणे केव्हा थांबले ते कोणाच्या ध्यानात आले नाही.

नातवाच्या खेळात डाव संपल्यावर असाच एक तक्ता येतो, कोणी किती घाव घातले, कोण कोणाच्या हातून पडला; नातू तो वाचीतच नाही, लगेच नवा डाव मांडतो. हे मला आवडत नाही, आणि मी तसे त्याला सांगितलेही.

१९६७च्या ११ डिसेंबरला पहाटे सव्वाचारनंतर कोयनानगरचा भूकंप झाला तेव्हा मी पुण्यास शिकत होतो. तेथेही खाटा हलल्या. धरण तीनेक वर्षांपूर्वीच पुरे झाले होते, शिवसागर भरलेला होता, आणि त्या पाण्याच्या भाराचा आणि भूकंपाचा संबंध काय ह्यावर विद्वानांचा खल पुढे अनेक वर्षे चालला. वडिलांनी त्या वादात कधी तोंड घातले नाही. तिसऱ्या दिवशी मी पाटणला पोहोचलो. आमचे घर उभे होते, फक्त परसाकडची भिंत गेली होती. वडील कचेरीबाहेर, झाडाखाली टेबल टाकून, तलाठ्यांनी आणलेले पंचनामे तपासत बसलेले होते. मी शेजारी बसून आकडे मांडू लागलो. घर नग एक. तुळया. गुरे. भांडी. माणसे. अंदाजे नुकसान. सह्या, आणि पुष्कळ ठिकाणी अंगठे. अक्षर तेच, वळण तेच. ‘सुखरूप’ हा शब्द आला की ते तो जरा सावकाश लिहीत. असे तीन आठवडे चालले. ‘माझं काम झालं’ हे शब्द त्या दिवसांत, किंवा त्यानंतर केव्हाही, मी त्यांच्या तोंडून ऐकले नाहीत.

पुढच्या दिवाळीला आळीतल्या नव्या पोरांनी किल्ला केला आणि परंपरेप्रमाणे त्यांना तपासणीस बोलावले. ते गेले; मीही मागोमाग गेलो. मुलांनी पाणी दाखवले, दाणागोटा दाखवला, यादी तयारच ठेवली होती. वडिलांनी काही विचारले नाही. बराच वेळ उकिडवे बसून पाहिले, मग हात पुढे करून दरवाज्यावरच्या दोन पहारेकऱ्यांपैकी डावीकडच्याला उचलले, त्याचे तोंड आत करून त्याला पुन्हा जागेवर ठेवले, आणि कोटाच्या खिशांत हात घालून ते कचेरीकडे निघाले.