शब्दाची जात, शब्दाचे काम

इंग्रजीतल्या शब्दाची जात वाक्यातल्या जागेवरून ठरते. 'वॉटर' हा शब्द सुटा विचारला, तर धाराशिव जिल्ह्यातल्या कुठल्याही शाळेत 'नाम' असे उत्तर येईल, आणि ते अर्धेच बरोबर असेल. 'ब्रिंग सम वॉटर' या वाक्यात तो नाम आहे. 'दे वॉटर द क्रॉप ॲट नाइट' म्हटले की तो क्रियापद होतो. मराठी शेतकऱ्याला त्याच कामासाठी 'पाणी देणे' असे दोन शब्द लागतात. 'द वॉटर टँक इज एम्प्टी' मध्ये तो टाकी कसली ते सांगतो. मराठीत टाकीपर्यंत पोचायला पाण्याचे सामान्यरूप करावे लागते, त्याला 'ची' जोडावी लागते. इंग्रजीत शब्दाचे एक अक्षरही हलत नाही, फक्त त्याची जागा बदलते.

या तिसऱ्या वाक्यातला 'वॉटर' विशेषण मानायचा का, यावर शिक्षकांच्या खोलीत हमखास वाद होतो. खरे विशेषण 'व्हेरी' सोसते, तर 'व्हेरी वॉटर' असे कोणी म्हणत नाही. 'द टँक इज एम्प्टी' म्हणता येते, 'द टँक इज वॉटर' म्हणता येत नाही. म्हणजे 'वॉटर' जातीने नामच आहे, इथे विशेषणाचे काम करतो आहे. जात आणि काम या दोन वेगळ्या गोष्टी आहेत, आणि शाळेतल्या व्याकरणाचे निम्मे घोटाळे त्या एकच समजल्यामुळे होतात.

शाळेत शब्दांच्या जाती आठ शिकवतात, पण आठ हा आकडाही काही ईश्वरदत्त नाही. ख्रिस्तपूर्व दुसऱ्या शतकातल्या डायोनिसियस थ्रॅक्सच्या नावावर असलेल्या ग्रीक व्याकरणात आठ जाती होत्या. लॅटिनमध्ये आर्टिकल नव्हतेच, तेव्हा रोमन पंडितांनी ते वगळून उद्गारवाचकाला वेगळी जागा दिली आणि आठाचा आकडा राखला. इंग्रजी व्याकरणात विशेषण बराच काळ नामाच्याच पोटात होते. ते स्वतंत्र जात म्हणून स्थिरावले अठराव्या शतकात. १७९५ साली आलेल्या लिंडली मरे यांच्या पुस्तकात नऊ जाती आहेत, कारण त्यांनी आर्टिकल वेगळे मोजले. भारतात पिढ्यान्‌पिढ्या वापरलेल्या रेन आणि मार्टिन यांच्या पुस्तकात पुन्हा आठ. आपल्याकडे यास्काचे काम चारांत भागले होते: नाम, आख्यात, उपसर्ग, निपात.

धाराशिवच्या मातीत आणखी एक हिशेब रुजला होता. सप्टेंबर १९४८ पर्यंत हा जिल्हा निजामाच्या हैदराबाद संस्थानात होता, आणि सरकारी शिक्षणाची भाषा उर्दू होती. उर्दूच्या व्याकरणाने अरबीकडून तीन जाती घेतल्या आहेत: इस्म, फेल आणि हर्फ. सर्वनाम आणि विशेषण दोन्ही इस्मच्या छत्राखाली येतात. जोडणारे, संबंध दाखवणारे बारीकसारीक शब्द हर्फमध्ये. इंग्रजी शिकवताना ही त्रिविभागणी आजही उपयोगी पडावी, कारण कुठले शब्द स्वतःचा अर्थ बाळगतात आणि कुठले नुसती जोडणी करतात, हे ती पहिल्या फटक्यात दाखवते. अमेरिकी भाषाशास्त्रज्ञ चार्ल्स फ्रीझ यांनी १९५२ मध्ये इंग्रजीसाठी चार मोठे वर्ग आणि जोडकामाच्या शब्दांचे पंधरा छोटे गट सुचवले, त्यामागची नजर काहीशी अशीच होती.

मराठीच्या आठ जातींवर मात्र इंग्रजीचा ठसा आहे. दादोबा पांडुरंग तर्खडकरांचे मराठी व्याकरण १८३६ साली निघाले. त्या काळापासून इंग्रजी व्याकरणाचा आराखडा समोर ठेवून मराठीची मांडणी होत गेली. पुढे मोरो केशव दामले यांनी १९११ च्या 'शास्त्रीय मराठी व्याकरण' या ग्रंथात या मांडणीची कसून तपासणी केली. विद्यार्थ्याला नाम म्हणजे नाऊन आणि शब्दयोगी म्हणजे प्रिपोझिशन अशा जोड्या तयार मिळतात. त्या पाठ करायला सोप्या आहेत, वापरताना मात्र पायात येतात.

नामाशी फार थांबावे लागत नाही. सर्वनामाशी थोडे थांबावे. मराठीत बस स्त्रीलिंगी आणि टेबल नपुंसकलिंगी. इंग्रजीत निर्जीव वस्तूला सरसकट 'इट'. वडिलांना मराठी आदराने अनेकवचन देते, म्हणून 'बाबा आले आहेत' चे 'माय फादर हॅव कम' होते. उलट 'आम्ही' आणि 'आपण' हा आपला बारकावा इंग्रजीकडे नाही. 'वी आर गोइंग टु तुळजापूर' ऐकणाऱ्याने पिशवी भरायची की नाही, हे 'वी' सांगत नाही.

क्रियापदात मुख्य अडचण साहाय्यकांची. 'शी हॅज अ सायकल' यात 'हॅज' मुख्य आहे, 'शी हॅज गॉन' यात साहाय्यक. प्रश्न विचारताना मराठी शेवटी 'का' लावून मोकळी होते, इंग्रजीला पुढे 'डू' आणून उभा करावा लागतो. सराव झाला की हे बसते.

विशेषण आणि क्रियाविशेषण यांची गाठ सुटायला वेळ लागतो. शाळेच्या तक्त्यात क्रियाविशेषण 'अविकारी' म्हणून नोंदलेले असते. पण 'तो चांगला गातो, ती चांगली गाते' या वाक्यांत 'चांगला' बदलतोच. मराठीत गाण्याचा गुण गाणाऱ्याच्या लिंगाने रंगतो, म्हणून मूल बिनधास्त 'शी सिंग्ज गुड' लिहिते. तिथे 'वेल' हवे. मग 'ली' लावला की क्रियाविशेषण होते असा नियम सांगितला जातो, आणि नोकरीच्या अर्जात 'आय वर्क हार्डली' येते, ज्याचा अर्थ 'मी जवळजवळ कामच करत नाही' असा होतो. 'हार्ड' दोन्ही जातींत तसाच राहतो. 'फ्रेंडली' शेपूट असूनही विशेषण आहे. 'शी लुक्स हॅपी' मध्ये क्रियापदाच्या मागे विशेषण का, हे पाहायला 'लुक्स' काढून 'इज' ठेवावे. वाक्य टिकले, तर तो शब्द कर्त्याविषयी बोलतो आहे.

सगळ्यात जास्त वेळ द्यावा तो 'आफ्टर' सारख्या शब्दांना. 'पावसानंतर' आणि 'पाऊस थांबल्यानंतर' या दोन्हींत मराठी एकच शब्दयोगी वापरते, कारण दुसऱ्यात ती क्रियापदाचे कृदन्त करून त्याला आधी नामासारखे वागवते. इंग्रजी तसे करायला बांधलेली नाही. 'आफ्टर द रेन' मध्ये 'आफ्टर' प्रिपोझिशन आहे, पुढे फक्त नाम. 'आफ्टर द रेन स्टॉप्ड' मध्ये तोच उभयान्वयी होतो, पुढे कर्ता आणि काळ दाखवणाऱ्या क्रियापदासह अख्खे वाक्य. मराठीत हा फरक डोळ्याला दिसत नाही, म्हणून वहीत 'आफ्टर स्टॉपिंग रेन' उमटते. फळ्यावर 'आफ्टर' लिहून त्याच्या पुढचा भाग हाताने झाकावा आणि मग सावकाश उघडावा. नुसते नाम निघाले की एक जात, कर्ता-क्रियापद निघाले की दुसरी. 'बिफोर' आणि 'सिन्स' यांनाही हीच कसोटी चालते. 'अंटिल' ला सुद्धा.

उभयान्वयीत 'जरी–तरी' ची जोडीही अशीच आड येते. मराठीत दोन्ही टोके बांधल्याशिवाय वाक्य पुरे वाटत नाही. त्या सवयीने 'ऑल्दो' पुढे 'बट' येतो. इंग्रजीत दोन्हींपैकी एकच ठेवायचा.

आर्टिकलला मराठीत जागाच नाही, त्यामुळे आठांच्या चौकटीत ते विशेषणाखाली दडपले जाते. पण विशेषणे एकापाठोपाठ एक लावता येतात, 'द' आणि 'माय' शेजारी बसत नाहीत; 'द माय बुक' चूक. म्हणून आधुनिक व्याकरणे 'अ', 'द', 'माय', 'दिस', 'सम' या सगळ्यांना निर्धारक म्हणून एका वर्गात घालतात. तपासणी सोपी आहे: नामाच्या आधीची ती एकच खुर्ची, आणि तिच्यावर एका वेळी एकच जण. परीक्षेत 'द' ची जात विचारली तर उत्तर मात्र नेमलेल्या पुस्तकाप्रमाणेच लिहावे, वाद नंतर घालावा.

उरले केवलप्रयोगी. 'अगं बया!' प्रमाणेच 'ओह!' ही वाक्यातल्या कशाशीही जोडलेला नसतो; काढून टाकला तरी वाक्याला धक्का बसत नाही. एकच सावधगिरी. 'वेल, लेट अस गो' मधला 'वेल' केवलप्रयोगी, 'शी सिंग्ज वेल' मधला क्रियाविशेषण, 'ही इज वेल' मधला विशेषण, आणि 'द वेल इज ड्राय' मधला नाम. हा शेवटचा, उन्हाळ्यात तळ दिसणारा 'वेल', मुळात वेगळाच शब्द आहे. बाकीच्यांशी त्याचे फक्त स्पेलिंग जुळते.