संत कॅथरिनचे लहान देऊळ

गेल्या दर्शनसोहळ्याच्या वेळी, म्हणजे २०२४ च्या डिसेंबरात, आमच्या भागातील काही कुटुंबांसह मी जुन्या गोव्याला गेलो होतो. कडोलीचे एक वृद्ध गवंडीमामाही बरोबर होते. चोर्ल्याचा घाट उतरून आम्ही दुपारच्या आत पोहोचलो आणि कॅथेड्रलमध्ये संत फ्रान्सिस झेवियर यांच्या पवित्र अवशेषांचे दर्शन घेतले. मंडळी भोजनासाठी सावली शोधू लागली, तेव्हा मामा म्हणाले, "फादर, मोठी देवळं बघितली. आता एखादं आपल्याएवढं दाखवा."

संत फ्रान्सिस असिसीकर यांच्या मंदिराच्या पश्चिमेस संत कॅथरिनचे चॅपल आहे. तेथे गर्दी नव्हती. जांभ्या चिऱ्यांचे साधे बांधकाम, दर्शनी भागाच्या दोन्ही अंगांस दोन मनोरे, फारसे नक्षीकाम नाही. मामांनी भिंतीवरून हात फिरविला आणि लहान मुलांना समजावून सांगितले, की हा दगड खाणीतून काढताना मऊ असतो आणि वारा लागला की कठीण होतो. आमच्या घरांच्या भिंती याच दगडाच्या; म्हणून परक्या ठिकाणी आपले माणूस भेटावे तसा आनंद त्यांना झाला.

मग मी इतिहास सांगू लागलो. २५ नोव्हेंबर १५१० रोजी, संत कॅथरिनच्या सणादिवशी, आल्बुकेर्क या पोर्तुगीज सेनापतीने विजापूरच्या आदिलशाहीकडून हे शहर घेतले व त्या स्मरणार्थ येथे चॅपल उभारले. १५३४ मध्ये यालाच कॅथेड्रलचा मान मिळाला. १५५० मध्ये गव्हर्नर जॉर्ज काब्राल यांनी त्याचा विस्तार केला; १९५२ मध्ये त्याची पुन्हा उभारणी झाली. थोरले कॅथेड्रल १५६२ नंतर बांधले गेले, तेही याच संतेच्या नावाने. भिंतीवरील शिलालेखाचा अर्थ मी सांगितला: "याच जागी असलेल्या दारातून सेनापतीने शहरात प्रवेश केला."

मामांनी विचारले, "प्रवेश केला म्हणजे? दार कुणी उघडून दिलं काय?"

प्रिय वाचकहो, त्या क्षणी मला लाज वाटली. शहर लढून घेतल्याचे त्याच लेखात आहे. ते शब्द मी गाळले होते. सेमिनरीत मी हा इतिहास शिकलो होतो. शहरातील मुसलमानांची कत्तल चार दिवस चालली, असे आल्बुकेर्कने स्वतःच आपल्या राजाला पत्राने कळविले होते. भाविकांच्या आनंदात विरजण नको, म्हणून मी मौन धरले होते. आता मी सर्व सांगितले. मुले स्तब्ध झाली. मामा हळूच म्हणाले, "मग इथं गुडघे टेकायचे कसे, फादर?"

उत्तर चटकन सुचले नाही. नंतर मनात आले, की हे देऊळ सेनापतीच्या नावाचे नाही. परंपरा सांगते, की अलेक्झांड्रियाच्या कॅथरिनने पन्नास पंडितांशी वाद केला तो केवळ शब्दांनी, आणि अखेर तिचाच शिरच्छेद झाला. तिने तलवार उगारली नाही. तलवार तिच्यावर पडली. ज्यांनी हे देऊळ बांधले त्यांना विजयाची आठवण ठेवायची होती. परंतु त्यांनी नाव निवडले ते मारल्या गेलेल्या एका मुलीचे. मी म्हणालो, "मामा, आपण तिच्या बाजूला गुडघे टेकू, आणि त्या चार दिवसांत जे मेले त्यांच्यासाठी प्रार्थना करू."

मामांनी पागोटे काढून बाजूस ठेवले. आम्ही 'हे आमच्या स्वर्गीय पित्या' म्हटले. 'आमच्या अपराधांची क्षमा कर' या शब्दांशी माझा आवाज किंचित अडखळला.

परतताना घाटात अंधार पडला. मी तेव्हाच ठरविले, की यापुढे मुलांना आपल्या देवळांचा इतिहास सांगताना एकही ओळ गाळायची नाही. जो दोष लपविला जातो त्याची क्षमा कोणी मागत नाही. आणि जांभ्याचा चिरा मऊ असतानाच घडविता येतो, हे मामांनी मुलांना त्या सकाळी नव्हे, माझ्यासमोरच त्या दुपारी शिकविले होते.