पाणचक्कीवरचे दोन तास

औरंगाबादला, म्हणजे आजच्या छत्रपती संभाजीनगरला, आलेली शाळेची सहल बहुधा बीबी का मकबरा पाहून पाणचक्कीवर येते. मकबऱ्यात फोटो काढून मुले दमलेली असतात. हौदात पडणारी पाण्याची धार पाहायची, शेंगदाणे खायचे आणि बसमध्ये बसायचे, एवढाच पाणचक्कीचा वाटा. यंदाच्या हिवाळ्यात नववीची मुले नेली तेव्हा आम्ही इथे मुद्दाम दोन तास राखून ठेवले होते.

खाम नदीच्या काठी, महमूद दरवाजाजवळ ही जागा आहे. बुखाऱ्याकडून आलेले नक्शबंदी सूफी बाबा शाह मुसाफिर यांचा इथे दर्गाह आहे. त्यांची खानकाह इथेच होती. जमिनीखालून नहरीने पाणी आणण्याचा परिपाठ या शहराला मलिक अंबरपासूनचा. हबशी गुलाम म्हणून बाजारात विकला गेलेला हा माणूस पुढे निजामशाहीचा कर्ताधर्ता झाला आणि १६२६ मध्ये वारला. पाणचक्कीची नहर त्याच्या नंतरची. हर्सूलच्या बाजूने कित्येक किलोमीटर मातीच्या नळांतून पाणी येते, इथल्या उंच भिंतीत चढते आणि वरून हौदात कोसळते. हौदाच्या तळाखाली मोठे दालन आहे. आलेल्या मुसाफिरांना त्या गारव्यात मुक्काम करता यायचा. पाण्याच्या जोरावर जाते फिरायचे आणि त्या पिठाच्या भाकरी खानकाहच्या फकिरांच्या आणि यात्रेकरूंच्या पोटात जायच्या.

खानकाह ही काही पदवी देणारी जागा नव्हे. तिथे येणारा माणूस पाणी भरायचा, वाढायचा, आलेल्याचे जोडे सरळ करून ठेवायचा. त्यातून नफ्स नरम पडायचा. चांगले अखलाक पूर्णत्वाला नेण्यासाठीच आपल्याला पाठवले गेले, असे प्रेषित (स.) यांनी सांगितले. ही गोष्ट आम्ही वर्गात दरवर्षी शिकवतो, मुले ती उत्तरपत्रिकेत लिहितात आणि आम्ही दोन गुण देतो.

या सहलीला एका मुलाचे येणे थोडक्यात हुकले होते. सहामाहीत तीन विषयांत नापास झालेल्यांना नेऊ नये, असे आमच्यातल्याच काहींचे म्हणणे पडले. सहल हे बक्षीस आहे, असा त्यांचा मुद्दा. आम्ही दोघा-तिघांनी भांडून त्याचे नाव यादीत ठेवले. त्याच्या वडिलांची पिठाची गिरणी आहे. दहावी होवो न होवो, त्याला गिरणीवरच बसवायचे, हे घरात जवळजवळ ठरलेले.

जात्याच्या खोलीपाशी आमचे हुशार विद्यार्थी पाण्याचा दाब आणि ऊर्जेचे रूपांतर सांगू लागले. सांगितले ते बरोबरच होते. हा मात्र कठड्यावर वाकून जात्याभोवतीची जागा पाहत होता. मग त्याने विचारले, ‘‘सर, इथं मागचं पीठ कसं काढत असतील?’’

कोणालाच प्रश्न कळला नाही. त्याला समजावून सांगावे लागले. एकाचे दळण संपले की त्याचे थोडे पीठ पाळूत मागे राहते. ते तसेच ठेवले तर पुढच्याच्या डब्यात जाते आणि ज्वारीनंतर गहू आला तर पुढच्याची कणीक बिघडते. ‘‘अब्बा दर वेळी ठोकून, झाडून काढतात. ते पीठ ज्याचं त्याच्या डब्यात टाकतात. मूठभर असलं तरी.’’

एका मुलीने विचारले, ‘‘आणि नाही टाकलं तर कुणाला कळणार?’’

‘‘कुणालाच नाही,’’ तो म्हणाला.

मग त्याची जीभ सुटली. गल्लीतल्या बायका डबे ठेवून जातात, कोणी मोजून घेत नाही. उपवासाचे दळण आले की आदल्या रात्री गिरणी उघडून पाळू पुसायची, सकाळी पहिले दळण तेच घ्यायचे, त्याच्या आधी गव्हाचा दाणाही टाकायचा नाही. एवढे का करायचे, असे त्याने लहानपणी विचारले होते. त्यावर वडील फक्त म्हणाले होते, ‘‘त्यांचा उपवास आहे ना.’’

‘अमानत’ या शब्दावर आम्ही आजवर किती तास घेतले असतील! त्या मुलाने तो शब्द उच्चारलादेखील नाही. त्याच्या उत्तरपत्रिकेत या धड्याखाली कोरी जागा होती, हेही आम्हाला आठवले.

जोहरला मुले हौदापासून वुजू करायच्या जागेवर गेली. वाहत्या नदीकाठीही वुजूला पाणी जास्त सांडू नये, हे सांगण्याची तिथे आयतीच संधी होती. आम्ही ती सोडली. आज एवढे पुरे, असे वाटले.

बस रात्री उशिरा गावात पोहोचली. वडील मोटारसायकल घेऊन फाटकापाशी उभे होते, बाहीवर पिठाचा पांढरा पट्टा. सहलीला न्यायचे की नाही यावरून झालेला वाद त्यांच्या कानावर गेला असावा, कारण त्यांनी आधी विचारले, ‘‘पोरानं काही त्रास तर नाही दिला?’’ आम्ही म्हणालो, ‘‘त्याच्या दहावीबद्दल बोलायचं आहे. शाळेत या एकदा.’’

‘‘परवा येतो, सर,’’ ते म्हणाले. ‘‘उद्या एकादशी आहे. पहाटे उठावं लागेल.’’

मुलगा मागे बसलाही होता.